दोऱ्याने बांधलेले शेवटचे प्रकरण

मी, विश्वासराव प्रतापराव रणनवरे, वय चौपन्न, राहणार मल्लेश्वरम, बेंगळूरु, व्यवसायाने यशवंतपूर येथील एका लहानशा यंत्रशाळेचा निम्मा मालक आणि वृत्तीने अखिल अंतराळाचा अवैतनिक नौसेनापती, हे मृत्युपत्र स्वहस्ते व कोणाच्याही दडपणाविना लिहितो आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप शाबूत नाही. ती येत्या गुरुवारी बदलावयाची आहे. शल्यविशारद म्हणतात की हे नित्याचे काम आहे. त्यांच्या बाजूने पाहता असेलही.

अक्षराच्या विषमतेबद्दल वाचकाने क्षमा करावी. काही कलमे मेजावर, काही स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणि एक फाटकाच्या खांबावर कागद टेकून लिहिले आहे. चित्त स्थिर आहे. देह एका जागी ठरत नाही. माझी धर्मपत्नी वीणा आत्ताच म्हणाली, "अहो, स्वल्प बसा की! मृत्युपत्र लिहिताय का गस्त घालताय?" उभय कार्ये चालू आहेत, असे उत्तर दिले.

कलम १. हे घर, त्यातील सर्व चीजवस्तू आणि परसातील नारळ वीणाचे. घर विकून सर्जापूर रोडला सदनिका घ्या, असा उपदेश करणारे आप्त अवश्य येतील. त्यांस कॉफी द्यावी. घर देऊ नये. आमचे पूर्वज सतराव्या शतकात सैन्याबरोबर येथे आले, हवा आवडली म्हणून राहिले, आणि आडनावात रण असूनही त्यानंतर आमच्या कुळात कोणी माशीसुद्धा मारलेली नाही. तेव्हा स्थानत्यागाची आम्हांस सवय नाही.

कलम २. बँकेतील शिल्लक वीणा व कन्या शाल्मली यांची समसमान. तपशील वीणास माझ्याहून अधिक ज्ञात आहे.

कलम ३. माझा जपानी मायक्रोमीटर कनिष्ठ बंधू गिरीराज यास देतो. तो त्याने मागून नेला व परत केला नाही. त्याच्याकडील कब्जास आता कायदेशीर अधिष्ठान लाभावे, एवढाच हेतू.

कलम ४. वाचनाची आरामखुर्ची ज्येष्ठ भगिनी मथुराक्का हिला. तिचा या खुर्चीवर पूर्वापार डोळा आहे आणि माझ्या वाचनावर पूर्वापार आक्षेप आहे. "आभाळात कसलं रे आरमार? पाणी कुठंय तिथं?" हा तिचा प्रश्न मी आजतागायत खोडू शकलेलो नाही. खुर्चीत बसून तिनेच विचार करावा.

कलम ५. आता मुख्य मालमत्ता.

‘नवम आरमार’ नामक अंतराळयुद्धाच्या इंग्रजी कादंबरीमालेचे बारा खंड माझ्या संग्रही आहेत. समुद्रापासून शेकडो मैल दूर, तीन हजार फूट उंचीवर वसलेल्या या नगरात राहून मी नौयुद्धात आयुष्य का घालविले, हे मला सांगता येत नाही. एवढेच सांगतो की या ग्रंथांतील युद्ध प्रामाणिक आहे. अंतरे अफाट असल्यामुळे क्षेपणास्त्र सोडल्यावर ते लागेपर्यंत प्रदीर्घ काळ जातो. त्या काळात सेनापतीस काहीही करता येत नाही. शत्रूची जी नौका त्यास दिसते ती मघाची असते. आत्ता ती कोठे आहे, आहे की नाही, हे प्रकाश पोहोचल्यावर कळणार. म्हणून ॲडमिरल इडा कॉलव्हिन अशा समयी उभ्यानेच चहा घेते. बसणे तिलाही जमत नाही.

ही माला मी एकट्याने वाचलेली नाही. पहिला खंड मल्लेश्वरमच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी उचलला, तेव्हा त्याचे दुसरे टोक एका पुणेरी गृहस्थाच्या हाती होते. पद्मनाभ आगटे, संगणक अभियंता, राहणार सर्जापूर रोड. दोघांपैकी कोणीही सोडेना, म्हणून भागीदारी झाली. प्रत एकच. आळीपाळीने वाचावयाची. परंतु अंतिम प्रकरणाची पाने हार ओवायच्या पांढऱ्या दोऱ्याने बांधून ठेवावयाची, आणि उभयतांचे वाचन तेथवर आले की रविवारी सकाळी याच दिवाणखान्यात दोरा सोडून, एकेक पान आळीपाळीने मोठ्याने वाचावयाचे. दहा खंड हा संकेत अभंग राहिला.

अकराव्या खंडाच्या अखेरीस ॲडमिरल कॉलव्हिन पिछाडी राखताना मरण पावते. ते पान वाचण्याची पाळी माझी होती. माझे अश्रू अनावर झाले, आणि मी मान वर केली, तो पद्मनाभाचे नेत्र कोरडे. तो पुस्तकाकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होता.

"तुम्ही वाचलंय," मी म्हणालो.

"येताना वाचलं, विश्वासराव," तो म्हणाला. "गाडी हलेचना हो. दोरा मी परत बांधला होता."

वाहतुकीच्या कोंडीत, चालकाच्या आसनावर, एकट्याने! मी त्यास त्याच क्षणी फाटक दाखविले. त्यास चार वर्षे झाली.

बारावा आणि अखेरचा खंड यंदा आला. तो मी विकत घेतला, अंतिम प्रकरण बांधले आणि तेथवर वाचून थांबलो आहे. आरमार स्वगृही पोहोचते किंवा कसे, हे त्या प्रकरणात आहे. कात्री हाताशी आहे. एकट्याने ते मला उघडवत नाही, आणि न उघडता गुरुवारी भूल घेणे हेही जमेल असे वाटत नाही.

सबब काल मी पद्मनाभास संदेश पाठविला: "नवम आरमारास तळावर परतण्याची आज्ञा. रविवार, प्रातःकाळ." संदेश पोहोचल्याचे दिसते. उत्तर नाही. या अवधीत मी फाटकापर्यंत किती वेळा गेलो, हे वीणास विचारू नये.

उत्तर येत नाही असे गृहीत धरून आज्ञापितो की बाराही खंड पद्मनाभ आगटे यास द्यावेत. अंतिम प्रकरण त्याने एकट्याने वाचावे. हे दान आहे आणि दंडही आहे.

(येथवर लिहिले असता वीणा येऊन विचारती झाली, "निरोपात आपरेशनचं लिहिलंत का?" आरमारी संदेशात वैयक्तिक बाबी नसतात, असे मी सांगितले. तिने कपाळावर हात मारला आणि फोन घेऊन आत गेली. पुढील मजकूर दुपारी लिहिला आहे.)

कलम ६. पद्मनाभ आला. केस पिकले आहेत. पादत्राणे न काढताच बोलू लागला.

"छाती उघडणारेत तुमची, आणि मला काय पाठवता, तर ‘तळावर परतण्याची आज्ञा’? मला वाटलं, पुस्तकाच्या जाहिरातीचं फॉरवर्ड आहे! वहिनींचा फोन आला नसता तर?"

"तर कलम पाच," मी म्हणालो आणि कागद त्याच्या हाती दिला.

त्याने ते उभ्यानेच वाचले. मग बसला.

"मला नकोत ही पुस्तकं," तो म्हणाला. "एकट्याने वाचलंय मी एकदा. मागून हॉर्न वाजतायत, आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलोय. आणि इथं तुमच्याकडे का बघत होतो? कुठल्या ओळीला तुम्ही कोसळणार ते मला माहीत होतं म्हणून. पाण्याचा ग्लास आधीच आणून ठेवला होता मी. आठवतोय?"

आठवतो. ते पाणी पिऊनच मी त्यास हाकलले होते.

मी पुस्तक आणले व कात्री पुढे केली. "आत्ता वाचू. पहिले पान तुमचे."

"नाही."

"पद्मनाभ, गुरुवारी—"

"माहितीये गुरुवारी काय आहे. आज नाही वाचणार मी. आयसीयूतून बाहेर या, मग वाचू. तुम्हाला अर्धवट सोडूनच आत पाठवणार, काय राव!"

मी युद्धशास्त्रातील आधार दिले, वयाचा मान मागितला, किंचित ओरडलोही. त्याने कात्री खिशात घातली. वीणा दारातून म्हणाली, "बरं झालं. मलाही हेच म्हणायचं होतं."

इतक्यात शेजारचे शिवाप्पा साक्षीदार म्हणून आले. दुसरा साक्षीदार गिरीराज यावयाचा होता. तो नेहमीप्रमाणे आला नाही. पद्मनाभ म्हणाला, "मी करतो सही." कन्या शाल्मली विधी महाविद्यालयात शिकते. ती म्हणाली, "काका, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होणं टाळावं. कायद्यात कदाचित चालेल, पण उगाच शंका घेतात, असं आमचे सर सांगतात."

"म्हणजे सही करायची तर पुस्तकांवर पाणी सोडायचं?"

"तेच बरं, काका."

"पेन द्या."

सबब कलम ५ मधील दान व दंड, दोन्ही या कलमान्वये रद्द करतो. बारा खंड माझ्याच कपाटात राहतील. बाराव्या खंडाचा दोरा मी आणि पद्मनाभ यांनी एकत्र बसून सोडावयाचा आहे. इतर कोणी त्यास हात लावू नये.

मी परत न आल्यास काय करावे, याची तरतूद येथे लिहू लागलो होतो. पद्मनाभाने हात धरला. "ती जागा कोरी ठेवा," म्हणाला. मृत्युपत्रात कोरी जागा ठेवू नये, असे शाल्मलीचे मत पडले. सर्वांचा मान राखून ती जागा आडव्या रेघेने बंद केली आहे.

————————————

वरील सर्व मजकूर, खाडाखोडीसह, माझाच आहे व मला मान्य आहे.

(सही) विश्वासराव प्रतापराव रणनवरे

विश्वासरावांनी आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत, उभ्याने, सही केली. ती पाहून आम्ही त्यांच्यासमोर आमच्या सह्या करीत आहोत.

साक्षीदार १. (सही) शिवाप्पा, शेजारी. ("मराठी वाचायला येत नाही, विश्वासण्णा. सही करताना बघितलं तुम्हाला, तेवढं पुरे, सरी ना?" सरी.)

साक्षीदार २. (सही) पद्मनाभ आगटे, सर्जापूर रोड. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळणार नाही, हे वाचून, समजून आणि तसा आग्रह धरून सही केली आहे. कात्री माझ्याकडे आहे.

स्थळ: मल्लेश्वरम, बेंगळूरु
दिनांक: रविवार, ८ फेब्रुवारी २०२६