दिजाँच्या तळघरात मित्रा

रवि. २ मार्च, आइंडहोवन

लेकीचा फोन, मित्राचा. फ्रेंच शिकायला म्हणून सहा महिन्यांसाठी दिजाँला गेली होती, आता म्हणते परत येणार नाही. युट्रेख्तची डेटाची नोकरी सोडली. तिथल्या एका जुन्या वाइनच्या दुकानात काम धरलंय. गाव बघायला येणाऱ्या पाहुण्यांना तळघरात बसवायचं आणि वाइनची चव कशी घ्यायची ते शिकवायचं. इंग्रजीत, डचमध्ये, फ्रेंचमध्ये. हे सगळं मला सांगितलं डचमध्ये, एका दमात. मी मराठीत ‘बरं’ म्हणालो आणि फोन तिच्या आईकडे, उज्ज्वलाकडे दिला.

उ.ला माहीत होतं. फेब्रुवारीत जाऊन आली तेव्हाच बघून आली. मला का नाही सांगितलं, तर म्हणे, ते मित्राने सांगायचं होतं.

सोम. ३ मार्च

दिवसभर कंपनीच्या क्लीनरूममध्ये, धुळीचा कणही न चालणाऱ्या त्या खोलीत. हात कामात, डोकं दुसरीकडेच.

आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली त्या दिवशी दारू सोडली. त्याआधी ते कसे होते, हे आजीने मला एकदाच सांगितलं. पुन्हा कधी नाही. तेव्हापासून आमच्या घरात थेंब आलेला नाही. इथे वीस वर्षं झाली, शुक्रवारी ऑफिसात सगळ्यांच्या हातात बिअर, माझ्या हातात सफरचंदाचा रस. रायस्वाइकला आमच्या बौद्ध मंडळाच्या कार्यक्रमांत पंचशील मी सांगतो, बाकीचे मागून म्हणतात. पाचवं शील मद्याचं. आणि माझीच मुलगी लोकांना

जाऊ दे.

रवि. ९ मार्च

रायस्वाइकला जयंतीच्या तयारीची बैठक. आमचे सेक्रेटरी गजभिये यांनी चहा घेताना विचारलं, मित्रा काय करते सध्या? म्हणालो, फ्रान्समध्ये आहे, रिसर्च. कशात? फूड केमिस्ट्रीत. इतकं सहज निघालं तोंडातून की माझं मलाच नवल वाटलं.

परतताना गाडीत, ब्रेडा मागे पडल्यावर उ. म्हणाली, “पाचव्यासाठी चौथं मोडलंत तुम्ही.”

चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं.

शनि. १५ मार्च

मित्राचा मेसेज, उ.च्या फोनवर. बाबाला सांग, एकदा येऊन बघ, मग काय ते बोल. उ. म्हणते जा, आणि एकटेच जा. मी बरोबर असले तर तुम्ही माझ्याकडेच बघत बसाल. मी काही हो म्हटलं नाही. तिने हॉटेल बुक केलं.

शुक्र. २८ मार्च, दिजाँ

सकाळी सातला निघालो. लक्झेंबर्ग, नान्सी. नान्सीच्या पुढे एका पार्किंगमध्ये पोळी-भाजी खाल्ली. मागच्या सीटवर मित्रासाठी पिशवी. जवसाची चटणी, मेतकूट, बोरकुटाची चार पाकिटं. चार कशाला, विचारलं तर उ. नुसती हसली होती.

गाव देखणं आहे, ते नाकारून उपयोग नाही. रंगीत कौलांची छपरं, लाकडी चौकटींची वाकलेली घरं, फिकट पिवळा दगड. मित्रा सायकलवरून आली. बारीक झालीय, केस कापलेत. पिशवीतून आधी बोरकूट काढून बघितलं. कामाबद्दल एकच वाक्य बोलली. उद्या सेंट लावून येऊ नकोस.

शनि. २९ मार्च, दिजाँ

आजचं नीट लिहून ठेवतो.

दुपारी चारला गेलो. दुकानाच्या मागून दगडी जिना खाली जातो. कमानींचं तळघर, थंड. लांब टेबल, आम्ही आठ जण. अमेरिकन नवरा-बायको, दोन कोरियन मैत्रिणी, एक दाढीवाला बेल्जियन, आल्मेरेहून आलेलं डच जोडपं आणि टोकाला मी. तिने मला ओळख दाखवली नाही. तसं आमचं ठरलंच होतं.

सुरुवातीलाच तिने सांगितलं, इथे कुणालाही गिळायची गरज नाही. समोर पिकदाणी आहे. (तिचा शब्द अर्थात वेगळा होता, पण वस्तू तीच, पितळेची.) ज्याला नुसता वास घ्यायचाय त्याने वास घ्यावा. आणि का, ते कुणी कुणाला विचारायचं नाही. हे बोलताना माझ्याकडे बघितलं नाही. नंतर कळलं, रोज हेच सांगते.

पहिली बाटली उघडली, ग्लासात थोडी ओतली, नाकाशी नेली आणि बाजूला ठेवली. दुसरी उघडली. अमेरिकन माणसाने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, बूच खराब होतं. तो हटून बसला म्हणून त्याला वास दिला. त्याला काही कळेना. ग्लास फिरत फिरत माझ्याकडे आला. मलाही आधी काही कळलं नाही, मग अगदी मागे कुठेतरी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी. एवढा बारीक अंश पकडायला आमच्या कंपनीत खोलीएवढं यंत्र लागतं. तिने ग्लास नाकाशी नेऊन बाजूला ठेवेपर्यंत मी ‘दोन’सुद्धा मोजले नसते.

आठ ग्लासांत अंदाजाने ओतलं, आठही सारखे. आल्मेरेवाल्या गृहस्थाला सगळंच माहीत होतं. प्रत्येक बाटलीवर त्याचं भाषण. तिने त्याला गप्प केलं नाही. पुढच्या ग्लासाबद्दल आधी त्याच्या बायकोला विचारलं. ती बिचारी चाचरत म्हणाली, मशरूम? मित्रा म्हणाली, अगदी बरोबर, मीही तेच लिहून ठेवलंय, आणि वही उघडून दाखवली. त्यानंतर ती बाई बोलायला लागली आणि नवरा ऐकायला.

शेवटची बाटली जुनी, लाल. सगळ्यांनी वास घेतला. चेरी, पानं, चामडं, जो तो काहीतरी म्हणाला. मग ती म्हणाली, माझ्याकडे याच्यासाठी इंग्रजी शब्द नाही, फ्रेंचही नाही. माझ्या आजीच्या गावाहून एक गोष्ट यायची. आणि बशीत बोरकूट घेऊन टेबलावर फिरवलं. वाळवून कुटलेली बोरं, एवढंच समजावलं. आधी हे हुंगा, मग ग्लास. आठही माणसं बोरकूट हुंगत होती. बेल्जियन माणसाने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

मीही ग्लास नाकाशी धरला. प्यालो नाही. पण होतं तिथे. आंबट, गोडसर, धुळीसारखं. नागपूरला शाळेच्या फाटकाशी उभं राहून खाल्लेलं. या मुलीला मराठीत धड पत्ता सांगता येत नाही, आणि हे तिला कुठून

तिने स्वतः दर वेळी थुंकलं. व्यवस्थित, सवयीने, एक थेंब बाहेर नाही.

लोक निघताना तिचे आभार मानत होते. कोरियन मुलींनी बोरकुटाचं स्पेलिंग लिहून घेतलं. आल्मेरेच्या बाईने जिन्यात मला विचारलं, तुम्हाला आवडलं का? डचमध्येच म्हणालो, ती माझी मुलगी आहे. ती माझा दंड दाबून वर गेली. गेल्या महिनाभरात मित्राबद्दल बोललेलं हे माझं पहिलं खरं वाक्य.

रवि. ३० मार्च, परत आइंडहोवनला

घड्याळ तासभर पुढे गेलं, झोप कमी झाली. सकाळी मित्राबरोबर बाजाराच्या बाजूने फिरलो, रविवार म्हणून सगळं बंद. चालता चालता काल किती छान झालं ते सांगितलं. बुचाचं, सारखं ओतण्याचं, त्या बाईचं. ती ऐकत होती, मान खाली. मग तिनेच सांगितलं, कामावर असताना कधी गिळत नाही. आणि थोड्या वेळाने, मराठीत,

“रविवारी जेवताना अर्धा ग्लास घेते, बाबा. तुला खोटं नाही सांगणार.”

मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं की नाही, माहीत नाही. मला ते लागलं हे खरं. आणि तिने ते न विचारता सांगितलं, याचा आदर वाटला हेही खरं. दोन्ही एकदम.

मग तिने विचारलं, लोकांना काय सांगतोस माझ्याबद्दल? मी सांगितलं. रिसर्च, फूड केमिस्ट्री, सगळं. ती थांबली. चिडेल असं वाटलं होतं. म्हणाली, “तुला लाज वाटते?”

“वाटत होती.”

“आणि आता?”

मी म्हणालो, आता खोटं बोलल्याची वाटते. हे अर्धंच उत्तर आहे हे तिला कळलं, मलाही. गाडीपर्यंत माझी पिशवी तिने घेतली.

पाऊण रस्ता रेडिओ न लावता आलो.

मंगळ. १ एप्रिल

गजभियेंना फोन करायला तीनदा मोबाइल हातात घेतला. समोरासमोरच सांगावं. उ. म्हणते, फोन टाळायला हे कारण बरं सापडलं.

रवि. १३ एप्रिल, रायस्वाइकहून आल्यावर

सांगितलं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, कमिटीचे पाच जण खुर्च्या मांडत होते तेव्हा. मित्रा काय काम करते ते, आणि मी मागच्या बैठकीत खोटं बोललो ते. खुर्च्या मांडायच्या थांबल्या. गजभिये चांगला माणूस आहे, आवाज चढवला नाही. म्हणाले, या वर्षी पंचशील दुसऱ्या कुणी सांगावं, तुम्ही समजून घ्याल. मी समजून घेतलं. डेल्फ्टच्या एका पीएचडीवाल्या मुलीने सांगितलं, स्वच्छ, ठाम आवाजात. मी तिसऱ्या रांगेत बसून सगळ्यांबरोबर म्हटलं. वीस वर्षांत पहिल्यांदा मागून म्हटलं.

जेवताना मेश्रामबाई शेजारी येऊन बसल्या. ऐंशी वर्षांच्या, लेकाकडे असतात. त्यांनी सगळं ऐकलं होतं. विचारलं, पोरगी काम चांगलं करते का?

म्हटलं, फार चांगलं करते. आणि मग बुचाचं सांगितलं, ओतण्याचं सांगितलं, बोरकुटाचंही. किती वेळ बोलत होतो कोण जाणे, भात गार झाला.

बाई म्हणाल्या, “मग सांगायला एवढा उशीर का केलास?”

गुरु. १ मे

मित्राचा मेसेज, या वेळी माझ्या फोनवर. मराठीत, रोमन अक्षरांत. रायस्वाइकला बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला यायचं म्हणते, सुट्टी काढलीय. पुढे लिहिलंय, “चार शीलं सगळ्यांबरोबर म्हणेन. पाचव्याला गप्प राहीन. चालेल?”

उ.ला दाखवला. ती म्हणाली, तुम्हाला विचारलंय.

हॉल लहान आहे. चाळीसेक माणसं, सगळी जवळजवळ बसतात. एक आवाज थांबला तरी कळतो. ती माझ्याच शेजारी बसणार. तिचा आवाज थांबेल तिथे आमच्या दोघांच्या जागेवरून माझा एकट्याचा ऐकू जाईल, आणि तो मोठा काढायचा की हळू, हे सकाळपासून ठरत नाहीये. ‘ये’ एवढंच लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. अजून पाठवलेलं नाही. मी मेसेज वाचलाय, हे तिला तिकडे दिसत असेल.