आधीच झालेलं एकमत

प्रिय कैदाशिणी,

तुझा फोन उचलणाऱ्या गृहस्थांचा आवाज मला आता झोपेतही ओळखू येईल. ‘ताई बैठकीत आहेत,’ हे ते इतक्या नम्रपणे सांगतात की त्यांच्यावर चिडायचीही सोय नाही. विरोधी पक्षाची नेता म्हटल्यावर बैठका असणारच. पण सकाळी बैठक, दुपारी बैठक, तिन्हीसांजेला बैठक, आणि माझ्या बैठकीला तेवढा नकार, याला काय म्हणावं? म्हणून शेवटी कागद घेतला. माझं पत्र तू न वाचता टाकणार नाहीस. शाळेत सिस्टरनी जप्त केलेल्या चिठ्ठ्याही तू त्यांच्या टेबलावरून परत चोरून आणायचीस. कैदाशीण हे नाव मी तुला तेव्हाच दिलं आणि तू मला खडूस म्हणालीस. दोघींनी आपापलं नाव आयुष्यभर सांभाळलं, एवढं तरी कबूल कर.

आधी घरची खबर देते, कारण बाकीचं सगळं तिच्यातूनच निघतं. माझा गुंड्या आता वीज खात्याच्या मुख्यालयात नाही. गेल्या हिवाळ्यात त्याने स्वतः अर्ज करून जुन्या वीजकेंद्रावर बदली मागून घेतली. होय, तेच केंद्र, ज्याच्या धुरांड्याचा फोटो तुझ्या प्रत्येक सभेत तुझ्या डोक्यामागे असतो. बॉयलरवर असतो तो. मी विचारलं, अरे, वातानुकूलित खोलीत तुला काय टोचत होतं? तर म्हणाला, ‘आई, तिथे बसून मी या बॉयलरचे आकडे तपासायचो आणि सही करायचो. तो बघितलेला नव्हता कधी.’ आता रोज बघतो. तू त्याला कडेवर घेऊन विधानसभेच्या पायऱ्यांवर उपोषणाला बसली होतीस, आठवतं? मी वीज खात्यात नोकरीला, मला तिकडे फिरकायची बंदी, आणि माझं पोर सरकारविरोधी घोषणा ऐकत तुझ्या मांडीवर झोपलेलं. अजूनही तुझा उल्लेख मावशी असाच करतो. परवा टीव्हीवर तू ‘हे केंद्र म्हणजे सरणावरचं प्रेत आहे’ म्हणालीस तेव्हा जेवता जेवता म्हणाला, ‘मावशी चुकतेय. प्रेताला इतका ताप नसतो.’

त्याने मला एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. आपण किटलीच्या तोंडाशी बघतो ती वाफ थंड होत आलेली असते, म्हणून दिसते. बॉयलरच्या नळीतली वाफ दिसतच नाही. नळीला बारीक चीर गेली तर नुसता सूंऽऽ असा आवाज येतो, आणि तो आवाज त्या सगळ्या घरघरीत कुठून येतोय ते कळत नाही. मग जुनी माणसं काय करतात? लांब दांड्याचा झाडू पुढे धरून हळूहळू चालतात. झाडूचे केस जिथे कापले जातात, तिथे वाफ. हसत हसत सांगितलं त्याने. मी रोज घर झाडते, आणि झाडू हातात घेतला की आधी त्याचे केस तपासते. सकाळपाळी संपली की तो मला फक्त ‘निघालो’ एवढा शब्द पाठवतो. तो शब्द येईपर्यंत मी कपाटं आवरते. इतकी आवरलेली कपाटं तू माझ्या घरात कधी पाहिली नसशील.

आता तुमच्या राजकारणाकडे येते. मंत्रिमहाशय म्हणतात केंद्र बंद केलं तर भारनियमन, आणि भारनियमन म्हणजे निवडणूक गेली. तेव्हा चालेल तितकं चालवू. तू म्हणतेस बंद करा, उन्हावर आणि वाऱ्यावर वीज करा, राखेखाली गावं गुदमरली. युनियनचा पुढारी पहिलवान म्हणतो कामगारांची सोय केल्याशिवाय फाटकाला कुलूप लावलंत तर गाठ माझ्याशी आहे. तिघांचंही काही ना काही खरं आहे, हेच तर दुखणं आहे. आणि या तळ्यात-मळ्यात खेळात झालं काय? बंदच करायचंय तर मोठी दुरुस्ती कशाला, म्हणून नळ्या बदलल्या जात नाहीत. दुसरी वीज आली नाही, म्हणून बंद होत नाही. दरवर्षी मुदत संपते, दरवर्षी आणखी एक वर्ष. राज्याचं ऊर्जा धोरण म्हणून जे काही आहे ना, ते एवढंच भिजत घोंगडं आहे, आणि ते माझ्या मुलाच्या डोक्यावर वाळत घातलंय.

म्हणूनच, तुम्हा सगळ्या नेत्यांना एका टेबलाशी बसवायचं काम सरकारने मला देऊ केलं तेव्हा मी हो म्हटलं. निवृत्त बाई, खात्यात हयात गेलेली, शिवाय सगळ्यांना सारखंच टाकून बोलणारी. एवढ्या भांडवलावर मला निःपक्षपाती ठरवलं गेलं. मी पदर खोचून कामाला लागले. खोली शोधली ती मुद्दाम ग्रंथालयाची, सचिवालयातली नको म्हटलं, तिथे मंत्री यजमान होतो आणि बाकीचे पाहुणे. टेबल गोल मिळालं नाही तर दोन चौकोनी जोडून घेतली. आणि सगळ्यावर बोळा फिरवला खात्याने.

आमची जुनी रीत तुला बाहेरच्या माणसाला कशी कळावी. संयुक्त निवेदन आमच्याकडे बैठकीच्या आधी लिहून ठेवतात. आयत्या वेळी धांदल नको म्हणून. बैठकीत मारामारी झाली तर एखादं विशेषण बदलायचं. मी नोकरीत असताना यावर किती वेळा तोंड वाजवलंय. तर या खेपेला कोणा शहाण्याने ते निवेदन निमंत्रणालाच जोडलं आणि तिघांना पाठवून दिलं. ‘खेळीमेळीच्या वातावरणात सर्व नेत्यांचे एकमत झाले.’ बैठक व्हायची होती, एकमत आधीच झालेलं. तुझ्याबद्दल लिहिलं होतं की विरोधी पक्षनेत्यांनी समाधान व्यक्त केले. ते तू पत्रकारांसमोर मोठ्याने वाचून दाखवलंस. छान वाचलंस, खोटं कशाला बोलू. शाळेतल्या वक्तृत्वाच्या ढाली उगीच मिळाल्या नव्हत्या तुला. पण शेवटी म्हणालीस, ‘निमंत्रक बाई मंत्र्यांच्या खिशात आहेत.’ अगं, मी तुला ओळखते तेव्हापासून मला खिसा असलेला एकही कपडा कोणी शिवून दिला नाही, आणि मी कोणाच्या खिशात राहीन? ते निवेदन मी पाहिलंही नव्हतं. मी लिहिलं असतं तर निदान भाषा बरी असती.

तू बाहेर पडलीस तशी बाकीच्यांनाही मुभा मिळाली. मंत्र्याचा फोन आला, ‘बाई, ताईंच्या समाधानाचं वाक्य काढून टाका आणि तारीख पुढे ढकला.’ पहिलवान तर निवेदनाची सुरळी करून घरीच आला. ‘माझ्या नावापुढे हसून स्वागत केले असं लिहिलंय. मला हसताना बघितलंय का कोणी? कवळी बसवल्यापासून मी घरच्यांसमोरही हसत नाही.’ मी चहा दिला. चहा प्याला आणि येणार नाही म्हणाला. झालं, बैठक गुंडाळली. ग्रंथालयाने टेबलं पुन्हा वेगळी केली.

आणि मग गेल्या आठवड्यात नळी फुटली. तू बातमी वाचलीसच, तुझं निवेदनही वाचलं मी. मंत्र्याचंही वाचलं, पहिलवानाचंही. तिघांनी एकमेकांना झोडपलंत, आणि खात्याने ‘किरकोळ गळती’ म्हटलं. दोन फिटर भाजले. एकाचा हात वाचेल की नाही सांगता येत नाही. गुंड्या एक मजला खाली होता. त्या दुपारी ‘निघालो’ आला नाही. मी कपाटं आवरली, मग पुन्हा सगळं बाहेर काढलं, मग बाहेर काढलेल्या कपड्यांत तशीच बसून राहिले. शेवटी शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी दार वाजवलं, त्यांच्या फोनवर त्याचा निरोप होता, कारण माझा फोन मी हातात धरून धरून बंद पाडला होता. घरी आला तेव्हा भुवया करपल्या होत्या. जेवायला बसला, ताट पुढे सरकवलं आणि म्हणाला, ‘मी त्या फिटरला म्हणालो होतो, थांब, वर जाऊ नकोस, आवाज वरून येतोय. त्याला खालून वाटला.’ बस. मी ते ताट तसंच झाकून ठेवलं.

पण तुम्हा तिघांच्या निवेदनांत एक प्रश्न कोणीच विचारला नाही, तो मी विचारला: बॉयलर पुन्हा पेटवला का? पेटवला. ठिगळ लावलं आणि पेटवला. आणि गुंड्या पुन्हा जातो. मी म्हटलं, रजा टाक. तर म्हणाला, ‘मी रजा टाकली तर दुसऱ्याच्या आईने कपाटं आवरायची का?’ वर अशी ताकीद, की आई, तू त्या नेत्यांपैकी कोणासमोर माझं नाव काढायचं नाहीस. शिकवलं कोणी त्याला हे असलं? मीच. आणि थोडं तू.

दुसऱ्या दिवशी मी उठले आणि न बोलावता मंत्र्याकडे गेले. बाहेरच्या खोलीत माझ्याच हाताखाली शिकलेला अधिकारी भेट नाही म्हणाला, त्याच्याकडे नुसतं बघितलं, तर दार उघडलं. मंत्र्याला, गुंड्याचं नाव तेवढं न घेता, सरळ सांगितलं की माझा मुलगा तिथे आहे, तेव्हा मी निःपक्षपाती वगैरे काही उरलेले नाही. गड्याने हातातली फाईल मिटली. मग म्हणाला, ‘हे आधी का नाही सांगितलंत?’ मी म्हटलं, तुम्ही विचारलंत कुठे, तुम्हाला फक्त निवेदन हवं होतं. तिथून पहिलवानाकडे गेले. तो इस्पितळातून नुकताच परतला होता, भाजलेल्या पोरांना बघून. अंगणात खुर्ची टाकून बसला होता, आणि खरं सांगते, कवळी काढून ठेवलेली, म्हातारा दिसला. म्हणाला, ‘बोला बाई, आज मला भांडायचं नाही.’

सोमवारी ते दोघं येताहेत, त्याच ग्रंथालयात, आणि या खेपेला निवेदन कोरं असेल. खात्याने तरी काही लिहून आणलंच तर मी ते दारातच फाडीन, तसं लेखी कळवलंय. मला त्यांच्यासमोर एकच मागणं ठेवायचंय. केंद्र बंद करा नाहीतर पुरतं दुरुस्त करा, काय ते तुम्ही ठरवा, मला तुमच्याइतकं राजकारण कळत नाही; पण ठरेपर्यंत बॉयलर थंड ठेवा. मग मंत्र्याच्या शहरात दिवे जातील, पहिलवानाच्या माणसांच्या पगाराचा प्रश्न उभा राहील आणि तुझ्या हातातून ते धुरांडं जाईल. तिघांनाही झळ बसली की तिघंही लवकर ठरवाल. आज झळ लागते ती फक्त आत असणाऱ्यांना.

आता मुद्द्यावर येते. तू विचारशील, दोघं येताहेत, मागणंही तयार आहे, मग माझ्या दारात का आलीस? निमंत्रकाची खुर्ची मी सोडतेय. त्या खुर्चीत बसणाऱ्याने आपलं मत बोलायचं नाही हा नियम मीच घातलाय, आणि मला बोलायचंय, एकदाच, गुंड्याचं नाव न काढता. ती खुर्ची तू घे. मंत्री लगेच हो म्हणाला, त्याला वाटतं तुझं तोंड बंद करायचा हा नामी उपाय आहे. पहिलवान म्हणाला, ‘खुर्चीत असली तर उठून जाणार नाही.’ दोघांनी आपापल्या स्वार्थाने होकार दिलाय, मला तेवढा पुरतो. तुझ्या पक्षाची बाजू तुझा तो आकडेवाला प्राध्यापक मांडेल. तुला मात्र गप्प बसावं लागेल, आणि हे मी कोणाला सांगतेय ते मला कळतंय. तुझ्याशिवाय माझ्या ओळखीत दुसरं कोणी नाही, जे मी बोलत असताना मंत्र्याला घड्याळ बघू देणार नाही आणि पहिलवानाला मध्ये खोकू देणार नाही. माझा आवाज मध्येच बसला तर पाणी पुढे करू नकोस आणि ‘बाईंना जरा विश्रांती’ असंही म्हणू नकोस. सगळ्यांना तसंच बसवून ठेव, माझा आवाज परत येईपर्यंत.

खिशाविना, पण अजून तुझीच,
खडूस