एकूण अकरा किलो

ती. आत्यास,

छटाकचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे जितकं वाकता येतं तितकं. काल पाण्यात सात वेळा पडलो, त्यामुळे कंबर सध्या स्वतःच्या मर्जीने चालते.) आम्ही इथे खुशाल आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी चालायला सांगितलंय तर चालतेस ना, की खिडकीत बसून चालणाऱ्यांना नावं ठेवतेस? आई विचारते, वन्संना झोप लागते का. तुझी सूनबाई विचारते, नव्या गोळ्या सुरू केल्या का. आणि आमचं अकरा वर्षांचं कन्यारत्न विचारतं, पाण्यात पडताना आत्याआजी नाक कोणत्या हाताने धरते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी दे, कारण त्याची गरज रोज पडते आहे.

तू म्हणालीस, फोनवर माणूस गोड बोलतो, लिहिताना खरं बोलतो, म्हणून मला सगळं लिहून हवं. तुझी फळी आणि शीड समुद्रावर न्यायची, वापरून बघायची, आणि सुट्टीला जाताना विंडसर्फिंगचं सामान घरून न्यावं की तिथे भाड्याने घ्यावं ते कळवायचं. भाड्याचं बरं निघालं, तर येत्या रविवारी तू तुझी फळी तुझ्या ओळखीच्या हॉटेलवाल्याला देऊन टाकणार आणि तो ती हॉटेलच्या भिंतीवर टांगणार. गुडघा मोडल्यापासून दोन वर्षं ती तशीही माळ्यावर पडून होती, असं तू म्हणालीस आणि लगेच विषय बदललास. असो. वजनमापं खात्यात चोवीस वर्षं दुकानोदुकानी तराजू तपासत हिंडणाऱ्या माणसाला कुणी आपणहून काही तोलायला सांगावं, हा मोठाच मान. (दुकानदार मला पाहून आनंदाने उठून उभे राहिल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.) तेव्हा हातचं काही न राखता लिहितो.

पहिली कबुली अशी, की निघताना तुझी सामानाची पिशवी मी उघडून पाहिली नाही. तिला तुझ्या अक्षरातली चिठ्ठी बांधलेली होती: ‘एकूण अकरा किलो. एकही वस्तू राहता कामा नये.’ आता ज्याचा वजनावर विश्वास आहे तो पिशवी कशाला उघडेल? मी माझा स्प्रिंगकाटा काढला, पिशवी लटकवली, बरोबर अकरा. सूनबाई म्हणाली, एकदा आत डोकावून घ्या. मी म्हणालो, काटा खोटं बोलत नाही. (हे वाक्य लक्षात ठेव, पुढे मला ते गिळायचं आहे.) फळी गाडीच्या टपावर बांधली. डोलकाठीचे दोन तुकडे पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत तिरके घातले. राहिला तो शीड धरायचा वाटोळा दांडा. तो कुठेच मावेना, म्हणून आई मागच्या सीटवर बसल्यावर तिच्याभोवती ठेवला. आई त्यात पाच तास बसली. सामान न्यायला तिचा पहिल्यापासून विरोध होता. जिथे जायचं तिथे समुद्र भाड्याने मिळतो, मग फळी मिळणार नाही का, असं तिचं म्हणणं. दांड्यात बसल्यावर तिने ते दर दहा किलोमीटरला एकदा म्हटलं.

वाटेत एक मजेशीर गोष्ट कळली. टपावरचा पट्टा ताशी चाळीसला गप्प असतो, पन्नासला गुणगुणतो आणि साठला असा भोंगा लावतो की पुढची गाडी बाजूला होते. मला वाटलं, सत्तरला काय होत असेल? सूनबाईला तसं वाटलं नाही. चहाच्या टपरीपाशी एक ट्रकवाले काका म्हणाले, साहेब, पट्ट्याला एक पीळ द्या, सपाट पट्टा वाऱ्यात ओरडतो. एक पीळ दिला आणि आवाज बंद! आत्या, तू बारा वर्षं ही फळी टपावर घालून हिंडलीस, तुला हे ठाऊक असणारच. मग मला का नाही सांगितलंस? की आपण एकेक गोष्ट शोधून काढण्यातली मजा माझ्यासाठी ठेवली होतीस? तसं असेल तर आभारी आहे. पीळ द्यायला उतरलो तेव्हा पिशवीही मागे सरकलेली दिसली आणि तिची चेन वीतभर उघडली होती. मी ती लावली आणि पुढे निघालो. ही दुसरी कबुली.

आता तिसरी, आणि ती सगळ्यात मोठी. रविवारी सकाळी वाळूवर चादर पसरून पिशवी रिकामी केली. मोठं शीड निघालं, लहान शीड निघालं, दोऱ्या, फळीच्या पोटाला लावायचा कल्ला, तुझं तरंगायचं जाकीट. आणि सगळ्यात शेवटी निघाली इस्त्री. आईची. परक्या गावात मी चुरगळलेल्या कपड्यांनी फिरणार नाही, म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने ती पिशवीत कोंबली होती. मी काट्यावर तोललं ते इस्त्रीसकट. म्हणजे ते अकरा किलो काही खरे नव्हते, आणि काय कमी आहे, हे डोलकाठी उभी करायला गेल्यावर कळलं. डोलकाठी ज्याच्यावर उभी राहते आणि चारी दिशांना कलते, तो रबराचा आणि धातूचा सांधा नव्हता. त्याच्याविना शीड वेगळं आणि फळी वेगळी. उघडी चेन आठवली, तिथेच पडला असणार म्हणून मी कन्येला घेऊन चाळीस किलोमीटर मागे गेलो, टपरीमागची झुडपं धुंडाळली, शेजारच्या टायरवाल्याला विचारलं (त्याने तीन वेगवेगळे सांधे दाखवले, एकही आपला नाही), ट्रकवाले काका केव्हाच पुढे गेलेले. सांधा हरवला, आत्या. माझ्या हातून हरवला. तू बारा वर्षं सांभाळलेली वस्तू मी पाच तासांत घालवली, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं आहे.

तेव्हा सोमवारी भाड्याची पाळी आली. किनाऱ्याच्या टोकाला पत्र्याची शेड आहे, आत फळ्या उभ्या लावलेल्या, दोरीवर ओली जाकिटं, पाटीवर खडूने लिहिलेल्या वेळा. चालवणाऱ्या बाई तुझ्याहून दहा-एक वर्षांनी लहान असतील, गळ्यात शिट्टी, बोलणं मोजकं. मी आधी विचारलं, नुसता सांधा भाड्याने मिळेल का? त्यांनी तुझ्या फळीची खाच पाहिली आणि मान हलवली. खाच जुन्या पद्धतीची, हल्लीचे सांधे तिच्यात बसत नाहीत आणि तसले आता कुठे मिळतही नाहीत. म्हणून अख्खा संच घेतला. फळ्यांवरचे आकडे सातपासून सुरू होत होते, तेव्हा विचारलं, एक ते सहा कुठे आहेत? म्हणाल्या, एक नंबर दिला की लोकांना वाटतं सगळ्यात जुनी आपल्या गळ्यात मारली, म्हणून सातपासून सुरुवात केली. (मला हे फार आवडलं. पुढच्या खेपेला ऑफिसातल्या फायलींवर करून बघणार आहे.) मग त्यांनी वजन विचारलं.

फळी किती मोठी द्यायची ते माणसाच्या वजनावरून ठरतं, हे मला माहीत नव्हतं. माझ्या मागे सूनबाई उभी, बाजूला कन्या, समोर एक परकी बाई. मी म्हणालो, ब्याऐंशी. आत्या, एक्याण्णव आहे. किलोमागे दहा ग्रॅम कमी भरले म्हणून मी आजवर किती जणांना नोटिसा दिल्या असतील, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा नऊ किलोंचा काटा मारला. बाईंनी ब्याऐंशीची फळी दिली. मी तिच्यावर उभा राहिलो आणि ती शांतपणे पाण्याखाली गेली. मी घोट्यापर्यंत पाण्यात ताठ उभा आणि शीड हातात, असं थोडा वेळ चाललं आणि मग मी गेलो. सात वेळा. दर वेळी पडताना मला खरोखर कुतूहल वाटत होतं की आता कोणत्या बाजूला. आठव्या वेळी बाईंनी शिट्टी वाजवून बाहेर बोलावलं आणि शेडमधल्या वजनकाट्याकडे बोट दाखवलं. मी मोठ्या आशेने आधी काटाच तपासला. तंतोतंत होता. मग मोठी फळी मिळाली, तिच्यावर मी उभाही राहिलो, आणि तेवढ्यात वारा पडला. भाड्याचा तास संपेपर्यंत पडूनच होता.

तुझी फळी मात्र आज सकाळी पाण्यात गेली. शीड नाही, सांधा नाही, म्हणून कन्येने ती गुडघाभर पाण्यात नुसती होडीसारखी घेतली आणि आजीला बस म्हणाली. आई आधी नाही नाही म्हणाली, मग चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि बसली. उन्हाचं म्हणून छत्री उघडली. बाई म्हणाल्या होत्या की दहाच्या सुमाराला वारा सुटतो, आणि तो अगदी दहाला सुटला. छत्री फुगली. आई निघाली! चांगली वीसेक पावलं गेली, पाठ ताठ, छत्री दोन्ही हातांत गच्च. मी मागून धावतोय, सोड, छत्री सोड! ती ओरडली, सोडू कशी, चांगली चाललेय की! शेवटी वाळूला लागली आणि उतरली. मग पहिलं वाक्य काय? वन्संना लिही, त्यांची फळी चांगली आहे.

बाई हे सगळं शेडच्या दारातून बघत होत्या. नंतर येऊन त्यांनी फळीवरून हात फिरवला. उभं राहायच्या जागेचा खरबरीतपणा दोन ठिकाणी पार झिजला आहे, डाव्या पायाचा जास्त, ते त्यांनी मला दाखवलं. म्हणाल्या, जे कुणी उभं राहायचं ते हलत नसणार. मी माझा पाय त्यात ठेवून बघितला, बाहेर आला. कन्येचा बसला. ती बराच वेळ तशीच उभी होती, उतरतच नव्हती.

तर आता निकाल. सगळ्या बाजू तोलता भाड्याने घेणंच शहाणपणाचं. टप मोकळा राहतो, आईभोवती दांडा ठेवावा लागत नाही, सांधे हरवत नाहीत आणि पडल्यावर बघायला एक जाणतं माणूस असतं. तुझ्या फळीचा सांधा मी घालवला आहे, दुसरा मिळणार नाही, आणि भिंतीवर टांगायला सांधा लागत नाही. तेव्हा रविवारी फळी देऊन टाकायला माझी हरकत नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिलं.

बाकी भेटीत. तुझ्यावरचा लोभ घरचा आहे, भाड्याचा नाही.

तुझा भाचा,
छटाक (तू हे नाव ठेवलंस तेव्हाचं वजन वेगळं होतं)

ता. क. १ : पाकीट चिकटवण्याआधी आईने पत्र वाचायला मागितलं. छत्रीचा भाग दोनदा वाचला. मग तिसऱ्या कबुलीपाशी थांबली आणि म्हणाली, हा सांधा म्हणजे काळा रबरी, मधे जाड, खाली चकती, असा का? मी म्हणालो, हो. म्हणाली, तो वन्संच्या खिडकीत आहे की! गेल्या महिन्यात फळी न्यायला आम्ही आलो, तेव्हा तू तो मांडीवर घेऊन तेलाच्या फडक्याने पुसत होतीस. तिला वाटलं मिक्सरचा भाग असेल. चाळीस किलोमीटर मागे जाऊन आलो तेव्हा का बोलली नाहीस, असं विचारलं, तर म्हणते, तुम्ही सांधा सांधा म्हणत होतात, मिक्सर कुणी म्हटलंच नाही.

ता. क. २ : वरचा निकाल रद्द समज. जी वस्तू पूर्ण हाती आलीच नाही तिच्यावर निकाल देता येत नाही, हा आमच्या खात्याचाही नियम आहे. (इस्त्री वजा करून बघितली असती, तर सांधा घरून निघालाच नव्हता हे काट्याने रविवारीच सांगितलं असतं.) आणि आत्या, देऊन टाकायच्या फळीच्या सांध्याला कुणी तेल लावत नाही. त्या हॉटेलवाल्याला भिंतीवर कॅलेंडर लाव म्हणावं. हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. शुक्रवारी सकाळची बस आहे, ती थेट किनाऱ्यापाशी थांबते. खोली पुढच्या बुधवारपर्यंत वाढवून घेतली आहे, तुझी खाट खिडकीशी. सांधा पर्समध्ये ठेव, पिशवीत नको. पाणी गुडघाभर आहे, बाई स्वतः फळी धरायला उभ्या राहणार आहेत, आणि नुसतं बसलीस तरी चालेल, आई बसली होती. कन्येने तुझ्या पायांच्या जागेवर सकाळपासून कुणाला पाय ठेवू दिलेला नाही. बाईंनी तुझं वजन विचारलं आहे. खरं सांग.

ता. क. ३ : आई सांगते, वन्संना लिही, इस्त्री आणू नका, माझी आहे.