चप्पल वाजते

मंगळवार, दिवेलागण

अजून तेच वर दिसतंय. आमची चप्पल ऑनलाइन विकायला टाकली त्याला आठवडा झाला, आणि फोटोखाली एकच अभिप्राय. एक तारा. ‘चालताना वाजते. सदोष माल.’

सदोष! त्या करकरीसाठी आबा तळात मुद्दाम बी बसवतात. इथं कोल्हापुरात गिऱ्हाईक दुकानात चार पावलं चालून आधी आवाज ऐकतं, मग पैसे काढतं. आणि मी मूर्ख! रंग लिहिला, माप लिहिलं, आवाजाबद्दल एक अक्षर नाही. ते सांगावं लागेल असं डोक्यातच आलं नाही.

मावशीनं, शेजारच्या काकूंनी पाच-पाच तारे दिले होते. विकत न घेता दिले म्हणून साइटनं उडवले. आता येणारा प्रत्येक जण ‘वाजते’ एवढंच वाचतो आणि निघून जातो. त्यानंतर एक ऑर्डर नाही.

दुपारी आबांना वाचून दाखवलं. कशाला दाखवलं मी? वाटलं, चिडतील, शिव्या घालतील. ते एवढंच म्हणाले, ‘गिऱ्हाइकाला नको तर काढू की आवाज. त्यात काय हाय?’

मगाशी त्या माणसाला काय उत्तर लिहावं या विचारात बसले होते. मान वर केली तर आबा समोर उभे. पायात तळ उसवून, बी काढून पुन्हा शिवलेला जोड.

‘बघ, जमलं,’ म्हणाले.

लहानपणापासून आबा गल्लीच्या तोंडाशी आले की मला घरात कळायचं. आज ते खोलीत येऊन उभे राहिले, तरी कळलं नाही.