हॉलिसचं माझ्याशी अचानक पटू लागलं, त्याबद्दल

बरबँक, कॅलिफोर्निया
शनिवार, दुपार

ती. इंगामावशी यांना,

एमेटचा कंबरेतून वाकून नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे त्याहून खाली जाता येत नाही. आदर पूर्ण आहे असं समजावं.)

तुमचा गुडघा आता कसा आहे? डलूथला बर्फ वितळलं का, की अजून दारापासून गाडीपर्यंत फावडं घेऊनच जावं लागतं? तुम्ही पाठवलेली मुरवलेल्या हेरिंग माशांची बरणी पोचली. वाटेत झाकण सैल झालं होतं, त्यामुळे स्टुडिओतल्या अख्ख्या टपालाला तुमच्या स्वयंपाकघराचा वास लागला आणि एका फार मोठ्या नटीने आपली पत्रं उघडायला चक्क नकार दिला. बरणीत उरलेले तुकडे मी आणि तुमच्या हॉलिसने उभ्याउभ्या संपवले. बशी घ्यायचंही सुचलं नाही.

इकडे सगळं क्षेम आहे. हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे, काळजी करण्यासारखं यात काही नाही. (आत्ता मध्येच उठून खिडकीपाशी जाऊन आलो, ते फक्त हवा खायला. या ओळीनंतर परत एकदा गेलो, तेही त्यासाठीच.)

आमची मालिका बंद पडली हे तुम्हाला कळलंच असेल. कळलं नसेल तर ते जास्त वाईट, कारण याचा अर्थ तुम्हीही ती बघत नव्हता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीतले दोन भागीदार, एक घाईचा आणि एक कुरकुऱ्या, आणि दर आठवड्याला दोघं एका लिफ्टमध्ये अडकतात, अशी आमची साधी कल्पना. घाईचा तो हॉलिसवरून घेतला होता आणि कुरकुऱ्या माझ्यावरून. तुमच्या मुलाला घाईचं काय कौतुक आहे ते तुम्ही जाणताच; लहानपणी केक भट्टीतून निघायच्या आधीच खायचा असं तुम्हीच सांगितलं होतं. मी कुरकुऱ्या आहे हे मात्र मला मान्य नाही, आणि तसं मी त्याला अनेक वर्षं रोज सांगत आलो आहे.

तर चॅनेलवाल्यांनी पहिला भाग चाचणीला लावला. ही चाचणी म्हणजे काय, तर बाजारातून येणारीजाणारी माणसं पकडून अंधाऱ्या खोलीत बसवायची आणि हातात एकेक चकती द्यायची. आवडलं की उजवीकडे फिरवा, नाही आवडलं की डावीकडे. आम्ही काचेमागे बसून कागदावर सरकणारी रेघ बघत होतो. घाईचा आला की रेघ वर. कुरकुऱ्याने तोंड उघडलं की रेघ अशी घसरायची की मला वाटलं, यंत्राची वायर निघाली. मी तसं विचारलंही. वायर जागेवर होती. मग एका प्रसंगात मागच्या बाजूने एक कुत्रा नुसता चालत गेला (तो आमच्या संहितेत नव्हताच, शेजारच्या सेटवरून चुकून आला होता), आणि रेघ कागदाच्या बाहेर गेली.

चॅनेलच्या बाई, मार्सी थिबोडो, फार गोड बोलतात. आपली गच्छंती किती जवळ आली हे त्यांच्या गोडव्याच्या प्रमाणावरून कळतं. त्या म्हणाल्या, "एमेट, हॉलिस, मला दोन्ही भागीदार अगदी जिवापाड आवडतात हं. फक्त मनात आलं, दुसरा भागीदार कुत्रा असला तर?" मी म्हणालो, कुत्रा लिफ्ट कशी दुरुस्त करणार. त्या म्हणाल्या, तो नुसता सोबत असेल. मी हॉलिसकडे बघितलं. अशा वेळी तो टेबलावर मूठ आपटतो आणि मी त्याला आवरतो, अशी आमची ठरलेली विभागणी आहे. हॉलिस म्हणाला, "बघता येईल."

मावशी, त्या दिवशी मी पहिल्यांदा बेचैन झालो.

मग आम्ही बसून कुरकुऱ्याला अलास्कात लिफ्ट बसवायला पाठवून दिलं. कुरकुऱ्याचं काम करणारा नट म्हणजे रँडल व्हॉस, भला माणूस, रोज सगळ्यांसाठी डोनट आणायचा. आमच्याकडे रिवाज असा, की संहिता पांढऱ्या कागदावर असते आणि जे बदलतं ते निळ्या, मग गुलाबी, मग पिवळ्या पानांवर येतं. सोमवारी सगळे एका लांब टेबलाभोवती बसून ती मोठ्याने वाचतात. रँडलला गुलाबी पानं कुणी दिलीच नाहीत. मला वाटलं हॉलिसने दिली, हॉलिसला वाटलं मी. बिचारा पांढऱ्या पानांवरून स्वतःची वाक्यं पूर्ण जीव ओतून वाचत होता आणि त्याच जागी कुत्र्याचा शिक्षक खुणावून कुत्र्याला भुंकायला लावत होता. दोन-तीनदा तसं झाल्यावर रँडलने शेजारणीच्या हातातली गुलाबी पानं घेतली, एक उलटलं, दुसरं उलटलं, शेवटपर्यंत गेला, परत मागे आला. मग उठला, कुत्र्याशी हात मिळवला, आणि डोनटचा खोका टेबलावर ठेवून निघून गेला. त्या दिवशी कुणीही डोनट खाल्ला नाही. (कुत्र्याने खाल्ले.)

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय: मलाही असंच पान उलटताना कळणार का?

कारण त्याच सुमाराला हॉलिस माझ्याशी सहमत होऊ लागला. तुम्ही म्हणाल, बरंच झालं की. तुम्ही आमच्याबरोबर बसला नाहीत म्हणून तसं म्हणाल. आमची पद्धत अशी, की मी टाइपरायटरवर बसतो, तो खोलीत फेऱ्या मारतो, मी एक ओळ म्हणतो, तो म्हणतो भिकार, तो एक म्हणतो, मी म्हणतो त्याहून भिकार, आणि दोघांचे घसे बसले की तिसरी चांगली ओळ येते. आता मी काहीही म्हटलं की तो म्हणतो, "छान आहे, राहू दे." एकदा मी मुद्दाम घाईच्याला सायकलवरून पाडलं. छान आहे, राहू दे. मग त्याचं लग्न बिशपशी लावलं. हॉलिस खिडकीबाहेर बघत म्हणाला, छान आहे. मावशी, ज्याला घर सोडायचं असतं तोच गळक्या नळाबद्दल भांडत नाही.

मालिका गेल्याचं कळलं ते पेअरच्या टोपलीवरून. या गावात चॅनेलकडून फळं आली की समजून जायचं. वर रिबिनीचं जितकं मोठं फूल, तितकं परतीचं दार घट्ट बंद. आमच्या फुलामागे टोपली दिसत नव्हती. मी धावत सेटवर गेलो तर सुतार आमची लिफ्ट काढत होते. ती कधीच वरखाली होत नसे, दोन माणसं मागून हलवायची, तरी ती जाताना बघून मला गलबलून आलं. हॉलिसला मी तसं सांगितलं. त्याने पेअर चावत मान हलवली आणि बोलण्यासाठी फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेला. तार पुरेना म्हणून दारात अर्धा आत, अर्धा बाहेर उभा राहून कुजबुजत होता.

आता व्हरांड्यातले फोन मी मनावर घेतले नसते. पण काल स्टुडिओच्या फाटकापाशी कुत्र्याचा शिक्षक भेटला (कुत्रा त्याच्याच मालकीचा). मी म्हटलं, काय, बसलात ना आमच्यासारखे घरी? तो म्हणाला, "छे हो, याला लगेच काम लागलं! पोलिसांची मालिका आहे. आणि हॉलिससाहेबही तिथेच आहेत म्हणे लिहायला, मला तर फार आनंद झाला. तुम्ही कुठे आता?"

मी सांगितलं, माझं बघू. आणि गाडी न घेताच चालत निघालो, ते एकदम घर आल्यावर लक्षात आलं.

तुम्हाला इथला रिवाज ठाऊक नसेल. जोडीने लिहिणारे दोघं मिळून एकच माणूस धरला जातो. एक खोली, गाडी लावायला एक जागा, पडद्यावर एका ओळीत दोन नावं. एकाला एकट्याला बोलावलं, की मागे उरतो तो अर्धा माणूस, आणि अर्धा माणूस कुणी ठेवत नाही. पण मी त्याचा विचार करत नाही. मी अगदी शांत आहे. सकाळपासून टेबलाची जागा तीनदा बदलली, एवढंच.

बाकी विशेष नाही. गुडघ्याला जपा. थंडीत छपरावर चढू नका.

तुमचा
एमेट सडॉव्स्की

ता. क. मावशी, खरं सांगतो, पत्र यासाठीच लिहिलं. तुम्ही हॉलिसला फोन करून सरळ विचारा, तू एमेटला सोडून चाललास का? तुमच्याशी खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात आणि आवाजावरूनसुद्धा ते कळतं. मला त्याला विचारवत नाही. विचारलं की तो उत्तर देईल.

ता. क. २. फोन करू नका. पाकीट चिकटवायच्या बेतात होतो, तेवढ्यात हॉलिस आला. दारातच उभा. म्हणाला, "एक अडचण झालीय. एक प्रसंग लिहायचाय आणि पहिलं वाक्यच जमेना. तीन आठवडे झाले, फाडतोय नुसता."

मी विचारलं, कसला प्रसंग? तो म्हणाला, "एक माणूस जोडीदाराला सोडून चाललाय. ते जोडीदाराला सांगायचं आणि मग आईला. तू जरा बघ ना."

काय करणार? मी टाइपरायटरवर कागद चढवला. तो फेऱ्या मारू लागला. मी म्हटलं, सुरुवात विनोदाने कर. तो म्हणाला, भिकार. मी म्हटलं, मग आधी आभार मान. तो म्हणाला, त्याहून भिकार, आभार काय मानतोस, मेलोय का मी? संध्याकाळपर्यंत आम्ही घसे बसेस्तोवर भांडलो. माझी जवळजवळ एकही ओळ त्याने धड राहू दिली नाही. मला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं, आणि मध्ये एकदा मी तोंड धुवायला म्हणून आत गेलो तो बराच वेळ आतच राहिलो. बाहेर आलो तर तोही खिडकीकडे तोंड करून उभा होता, आणि कान लाल.

प्रसंग चांगला झालाय. वर्षभरात आम्ही एवढं चांगलं काही लिहिलं नव्हतं. सोमवारपासून तो तिकडे जातो.

ता. क. ३. आता खरी विनंती. पुढच्या रविवारी (तोवर हे पत्र पोचेल) तुम्ही चर्चमधून आलात की त्याचा फोन येईल. तुम्हाला काहीच माहीत नाही असं बोला. दुसऱ्या वाक्यानंतर तो थांबेल, तिथे मध्ये बोलू नका, ती जागा मोकळी ठेवायला आम्ही फार भांडलो आहोत. शेवटी तो म्हणेल, "एमेट मजेत आहे, त्याने काही मनाला लावून घेतलं नाही." ते वाक्य माझं आहे. त्याला ते पटलं नव्हतं, मीच हट्टाने ठेवलं. जमलेलं नाही, ऐकताक्षणी तुमच्या ध्यानात येईल. तेवढं फक्त त्याला बोलून दाखवू नका.