ताळा राहिलेली वही

प्रिय शांतवनकाका,

तुमच्या दाविदनं काल मला एक पांढरं कार्ड आणून दिलं. तुमच्या वहीसाठी त्यानं काचेची पेटी करून घेतली आहे. येत्या रविवारी तुमच्या स्मरणाच्या उपासनेत ती चर्चमध्ये ठेवायची आहे, आणि कार्डावरचं अक्षर माझं हवं आहे. "ताई, अण्णांसोबत तुम्हीच बसत होता. एवढंच लिहा : योहानाच्या शुभवर्तमानाची ग्रीक प्रत, मूळ हस्तलिखिताशी अक्षरन् अक्षर ताडलेली."

तुमचं नाव लिहिलं. शुभवर्तमान लिहिलं. 'ताडलेली'पाशी हात थांबला. म्हणून हे पत्र.

आधी एक सांगून टाकते. मी अजून रडलेले नाही. दफनाच्या दिवशी मूठभर माती टाकली, घरी आले, हात धुतले आणि बारावीचे पेपर तपासले. डायरीत लिहिलं, 'शांतवनकाका गेले. ऊन फार.' एवढंच सुचलं. याला काय म्हणायचं?

पाळकाच्या कामातून निवृत्त होऊन तुम्ही आमच्या शेजारी राहायला आलात तेव्हाच तुमची नजर अधू झाली होती. जाड शाईतली मोठी अक्षरं दिसत, बारीक काही दिसत नसे. तरी एका दुपारी जुन्या ग्रीक पोथीच्या पानांचे फोटो असलेला टॅब काखेत मारून आलात. "मास्तरीणबाई, गणितात अल्फा, बीटा शिकवता न्हवं? मग ही पोथी मला वाचून दाखवा. मी लिवतो."

"काका, मला अक्षरं कळतील. अर्थ काही कळणार नाही."

"तेच पायजे. अर्थ कळला की माणूस न बघताच पुढचं बोलतंय."

अक्षरंही लगेच कुठं कळली? पुस्तकातला अल्फा वेगळा आणि त्या चामड्याच्या पानावरचा वेगळा. तीन-तीन अक्षरं एकात गुंतलेली. ती ओळखायलाच मला दोन-तीन महिने लागले. तुम्ही कंटाळला नाहीत. येशूचं नाव पूर्ण लिहीत नाहीत, पहिलं आणि शेवटचं अक्षर लिहून वर रेघ ओढतात, हे तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात शिकवलंत.

त्या पोथीला नाव नव्हतं, परदेशातल्या ग्रंथालयानं दिलेला नुसता क्रमांक होता. कुठल्याशा मठात कुणीतरी ती लिहिली, कितीतरी हातांतून ती तिकडे पोचली. तारीख कुठंच नाही. अक्षराच्या वळणावरून जाणकार शतकाचा अंदाज करतात, असं तुम्ही सांगितलंत. सुरुवातीची पानं कधीतरी हरवली आणि शेकडो वर्षांनी दुसऱ्याच कुणीतरी ती साध्या कागदावर लिहून जोडली. त्या कागदाबद्दल बोलताना तुम्ही म्हणालात, "ह्या दुसऱ्याचा मला लई लळा हाय. पहिल्यासारखं अक्षर काढायचा आव न्हाई आणला त्यानं."

आपली पद्धत ठरलेली होती. मी एकेक अक्षर वाचायचं, तुम्ही लिहायचं. पान संपलं की उलट : तुम्ही वहीतून वाचायचं आणि मी पडद्यावर बोट ठेवून पाहायचं. त्याला ताळा हे नाव मीच दिलं होतं. रोज शेवटी तुमचा एकच प्रश्न, "ताळा झाला?"

परीक्षेच्या दिवसांत एकदा मला घाई होती. घरी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडला होता. तुम्ही चष्मा पुसून वही उचललीत आणि मी म्हणाले, "काका, वाचता वाचताच केला मी. झाला." तुम्ही वही मिटलीत. संध्याकाळी भाकरी थापताना लक्षात आलं की पानावर दोन ओळी एकाच शब्दानं संपत होत्या. पहिलीवरून माझी नजर सरळ दुसरीखाली उतरली होती. दुसरी अख्खी ओळ मी वाचलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं. पण त्याच दिवशी पोथीच्या समासात एक बारीक खूण आणि शेजारी चार शब्द निघाले. तुम्ही हसून टाळी दिलीत. "बघा, लिवणारा चुकला, ध्यानात आलं, आन् सगळ्यांदेखत लिवून ठिवलं." माझ्यासाठी याहून सोपी वेळ कोणती होती? तरीही मी पुढचं अक्षर वाचलं. तुम्ही इतके आनंदात होता की वाटलं, उद्या सांगू. की हे मी आता स्वतःच्या सोयीनं रचते आहे? त्या दिवसाच्या डायरीत आहे, 'दोन पानं झाली. काकू पोहे.' डायरीतूनही मी ती ओळ गाळली.

आणि ती एक ओळ मला ठाऊक आहे. त्यानंतर आणखी किती वेळा मी नुसतंच 'झाला' म्हणाले, ते मलाच माहीत नाही. काका, तुम्हीही एकदा तरी म्हणायचं होतं, का वो, एवढ्या लवकर? इतका विश्वास कशाला ठेवलात?

आज दुपारी काकूंना सगळं सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या. हात थांबले नाहीत.

"त्येंनला सांगायचं व्हतं."

"हो."

"आता मला सांगून काय? मी काय पाळक हाय माफ कराया?" मग शेंगांचं सूप बाजूला सारून म्हणाल्या, "वही किती पानांची हाय?"

"दोनशेच्या आसपास."

"मला ती अक्षरं वाचता येत न्हाईत. पर तू वहीतलं एकेक अक्षर दावून बोल, मी त्या टॅबच्या काचेवर चित्रासारखं चित्र जुळवीन. न्हाई जुळलं की थांब म्हणंन. तुझ्यावानी घाई न्हाई मला."

आम्ही पहिल्या पानापासून बसणार आहोत. काकूंना एका ओळीला किती वेळ लागेल, सांगता येत नाही. वर्ष जाईल, कदाचित जास्त. मधे मला रडू येईल की नाही, तेही माहीत नाही.

पत्र संपवून दाविदला फोन करते. काय झालं ते त्याला सांगेन, आणि रविवारी पेटी रिकामी राहील हेही. तो रागावला तर ऐकून घेईन. पेटीपुढचं कार्ड मात्र मीच लिहीन, तेवढा शब्द देते. तुमच्या नावाखाली एकच ओळ असेल : 'वाचणाऱ्या बाईकडून ओळी सुटल्या आहेत. वही ताडणे चालू आहे.'

तुमची शेजारीण,
सुनंदा