दादांच्या आखणीवरचा कॅमेरा

हमरापूर, ता. पेण
आषाढ अमावस्या

ती. बायजाताईस धाकट्या हिरामणचा पाया पडून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत, म्हशीसकट. तुझी गुडघेदुखी, भाऊजींचा खोकला आणि वरसेच्या तुमच्या नव्या बिल्डिंगीतली लिफ्ट यांपैकी फक्त लिफ्टच चालू असेल अशी आशा करतो. फोन सोडून कागद का, असं म्हणशील. फोनवर बोलावं तर आपल्या दादांचे कान हल्ली इतके तिखट झालेत की मी मागच्या पडवीत कुजबुजलो तरी ते पुढच्या ओटीवरून उत्तर देतात. मोबाइलवर लिहावं तर भाऊजी तुझ्याआधी वाचतात आणि खाली हात जोडलेलं चित्र टाकून मोकळे होतात. म्हणून हौसावहिनी तुमच्या रोह्याला निघाल्यात त्यांच्याकडे हे देतोय. त्यांना वाचता येत नाही, हा त्यांचा मोठाच गुण आहे.

विषय आपल्या गणपतीच्या कारखान्याचा. चतुर्थी महिन्यावर आली, साडेतीनशे मूर्ती रंगून उभ्या आहेत आणि उरलीय ती डोळ्यांची आखणी. ती दादांशिवाय कुणी करायची नाही आणि दादांनी केलेल्या आखणीला कुणी बोट दाखवायचं नाही, हे दोन कायदे तुला ठाऊकच आहेत. तर वैशाखापासून डोळे बिघडायला लागले. एक वर, एक खाली. दादरच्या व्यापाऱ्याने पाच मूर्ती परत पाठवल्या. त्याचं म्हणणं, गणपती एका डोळ्याने भक्ताकडे बघतो आणि दुसऱ्याने भक्ताच्या कपाटाकडे. मी दादांना सांगितलं की टेम्पोत धक्का लागला (टेम्पोच्या धक्क्याने बुबुळ सरकतं, हे मी पंचावन्न वर्षं आखणी केलेल्या बापाला सांगितलं, आणि तोंड वर करून सांगितलं). दादांनी परत आलेल्या मूर्तीच्या डोळ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही रेघ माजी नाय. कोनतरी येतो न् माजे डोले पुसून आपले काढतो." संशय अर्थात शेजारच्या कारखान्यातल्या शिवावर. शिवा बिचारा स्वतःच्या मूर्तींना सोंड वेळेवर लावू शकत नाही, तो आमचे डोळे काढायला कुठून येणार? पण दादांनी हट्ट धरला की कॅमेरा बसव, अंधारात दिसतो तसला. चोर सापडेपर्यंत त्यांनी चहा सोडला. त्याचं काही नाही, पण चहा सोडलेल्या दादांबरोबर एका घरात राहायचं आम्हाला होतं.

पेणच्या बाजारातल्या पोपटने कॅमेरा आणून बसवला. हा पोपट बोलायला लागला की त्याच्या नावाची लाज राखतो. अमावस्येला उंदराच्या मिशा मोजून घ्या, म्हणाला. बिबट्या दिसेल, चोर दिसेल, जावई कितीला घरी आला ते दिसेल. झालं, गावभर बोभाटा. दुसऱ्याच दिवशी गुणाजी दारात. खारबांधाची उघाडी (खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून असते ती फळी, तू विसरली असशील) कोणीतरी जिताडा माशाच्या लोभाने रात्री उचलतं आणि खारं पाणी भातात शिरतं, तर दोन रात्री कॅमेरा तिथे लाव, म्हणाला. लावला. पहिल्या रात्री फळी उचलताना गुणाजीचाच सख्खा भाऊ दिसला, तेव्हा गुणाजी म्हणाला की यंत्र बरोबर दाखवत नाही. मग काशीबाई आल्या, त्यांच्या कोंबड्या कोण नेतं ते बघायला. मुंगूस नेत होतं. पण काशीबाईंना चोर म्हणून त्यांची जाऊच हवी होती, त्यामुळे त्याही नाराज. मला तेव्हाच कळायला हवं होतं की अंधारात बघायचं यंत्र जो मागतो त्याला काय दिसायला हवंय ते आधीच ठरलेलं असतं. पण मी कॅमेरा परत आणून आपल्या कारखान्यात लावला.

पहिल्या रात्री मांजर. तिसऱ्या रात्री पावणेतीनला दार उघडलं. ताई, त्या कॅमेऱ्यात रंग नसतो. साडेतीनशे गणपती राखेसारखे दिसतात आणि जिवंत प्राण्याचे डोळे तेवढे पांढरे चमकतात. ते दोन चमकते डोळे दादांचे होते. दिवा लावला नाही. बटण त्यांच्या कानाशी आहे. मला वाटलं, विजेची काटकसर. डाव्या हाताचा अंगठा मूर्तीच्या सोंडेच्या मुळाशी, बाकीची बोटं कपाळावर पसरून माप घेतलेलं, ओल्या फडक्याने जुना डोळा पुसला आणि उजव्या हाताने नवा काढला. एक, दोन, सात. आठव्याला ब्रश बुडवला तो रंगाच्या वाटीत नाही, शेजारच्या पाण्याच्या वाटीत. आणि त्या पाण्याने त्यांनी पंधरा मूर्तींना डोळे काढले. एकेकापुढे मान तिरकी करून थांबले, बघितल्यासारखं केलं आणि पुढे सरकले. सकाळी पंधरा गणपती पांढऱ्या खोबणींनी माझ्याकडे बघत होते. मी बायकोला काही सांगितलं नाही. गोठ्यात जाऊन रडलो.

माझा चष्मा बदलायचाय, असं सांगून दादांना पेणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. मोतीबिंदू असता तर काढला असता. हा बरा होत नाही. गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलीय ती दिवाळीपर्यंत टिकली तरी खूप, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. (बाजूला घेऊन काय उपयोग? कान मी वर सांगितलेत.) परतीच्या रिक्षात दादा एवढंच म्हणाले, "डॉक्टर बरा हाय, पन त्याच्या दवाखान्यात उजेड कमी."

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
हिरामण

ता. क. खरं काम हे की रविवारी येऊन तू दादांना वरसेला घेऊन जा. कायमचं. कारखान्यात रंगाचे डबे, काचा, माळ्याची शिडी, कधी काय होईल सांगता येत नाही. जायला ते तयार होणार नाहीत, तेव्हा तुझे गुडघे फार दुखतात असं थोडं रडून सांग. आखणीचं मी बघून घेईन. त्यांना तोंडावर सांगायची माझी छाती नाही.

ता. क. दुसरी. आखणीचं मी बघून घेईन हे वाचून हसू नकोस. वैशाखापासून मीच बघतोय. दादांनी काढलेले डोळे वाकडे येताना दिसले, पण बोलायची सोय नाही, म्हणून रोज दुपारी ते झोपले की ते पुसून मी काढायचो. रेघ माजी नाय, हे त्यांचं बरोबर होतं. दादरहून परत आलेल्या पाचही मूर्ती माझ्या हातच्या. आणि त्या रात्री रंगाने काढलेले ते सात डोळ्यांचे जोड मी दोरी लावून तपासले. सरळ आहेत, नजरेने नाही, बोटांच्या मापाने.

ता. क. तिसरी. पाकीट चिकटवत होतो तर दादा येऊन समोर बसले. रोज विचारतात तसं विचारलं, "घावला का चोर?" आज मला खोटं बोलवलं नाही. घावला, म्हणालो आणि त्या रात्रीचं चित्रण लावून मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पालथा धरला होता, ताई. काच खाली, पाठ वर. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "हात कसा हाय रं त्याचा?" म्हटलं, चांगला आहे. म्हणाले, "मंग त्याला हाकलू नको. कामाव ठेव."

तेव्हा रविवारी ये, पण त्यांची पिशवी भरायला नको. अजून तीनशेच्या वर मूर्ती आहेत, आणि रंगाची वाटी त्यांच्या हाताखाली धरायला मला एक माणूस कमी पडतोय.